बीपीची कारणं तोंडपाठ, पण स्वतःचा आकडा?

शिक्षकांच्या कुठल्याही बैठकीत विचारा, उच्च रक्तदाब कशामुळे होतो? मीठ, वजन, तंबाखू, दारू, बैठी सवय, आईवडिलांना असणं, वय, ताण. दोन मिनिटांत फळा भरेल. मग दुसरा प्रश्न विचारा: तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं किती होतं आणि ते कधी मोजलं होतं? आता आवाज खाली येतो. कुणी म्हणतं, "नॉर्मल होतं म्हणाले." कुणाला बाळंतपणातलं आठवतं, कुणी विमा काढताना केव्हातरी मोजलेलं असतं. नेमका आकडा सांगणारे थोडे, आणि ते बहुधा आधीच गोळी घेणारे.

शिक्षकांमधल्या रक्तदाबाच्या जागरूकतेबद्दल बोलायचं तर खरी अडचण इथे आहे. माहिती भरपूर आहे. नोंद नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगभरात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यातल्या जवळपास ४६ टक्के लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. ज्यांचा दाब खरोखर आटोक्यात होता, असे पाचांत एक. एवढ्या लोकांना कळत नाही, कारण या आजारात बहुतेक वेळा काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, चेहरा लाल होत नाही. "मला बीपी वाढलं की लगेच कळतं" हे वाक्य फार आत्मविश्वासाने बोललं जातं, पण त्यावर विसंबू नये. डोकं दुखलं म्हणून मोजलं आणि आकडा जास्त निघाला, तरी दोन्हींचा संबंध असतोच असं नाही. दुखण्यानेही आकडा वर जातो.

दोन आकडे म्हणजे काय

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं, तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. म्हणजे दाब जास्त असेल तर धमन्यांच्या भिंतींना रोज एक लाख वेळा जास्तीचा मार. भिंती जाड आणि कडक होत जातात, हृदयाचा डावा कप्पा जास्त जोर लावून लावून जाडजूड होतो. मूत्रपिंड, डोळ्यांचे पडदे आणि मेंदू यांतल्या बारीक वाहिन्या हळूहळू कामातून जातात. याला वर्षं लागतात, आणि ती वर्षं माणूस ठणठणीत असल्यासारखा वावरतो.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची पद्धत १८९६ मध्ये इटलीच्या सिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी आणली. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायला सुरुवात केली आणि खालचा आकडाही नीट मिळू लागला. मोजता येऊ लागलं, तरी त्याचा अर्थ लागायला आणखी अर्धं शतक गेलं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. दुसरं महायुद्ध चालू होतं, ते काम करत राहिले, आणि परिणामकारक औषधंही तेव्हा हाताशी नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा आकडा ३०० च्या घरात होता. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात हजारो निरोगी माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारा अभ्यास १९४८ मध्ये सुरू झाला. आज आपण जी 'धोक्याच्या घटकांची' यादी पाठ म्हणतो, तिची कल्पना वैद्यकात रुजवण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

दवाखान्यात मोजलेला दाब वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर जगात बहुतेक ठिकाणी उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये ही रेष १३०/८० वर आणली. यावरून बरेच वाद झाले, पण सामान्य माणसाने त्यात अडकू नये. धोका १३९ ला झोपलेला नसतो आणि १४० ला जागा होत नाही. ६१ अभ्यासांमधल्या सुमारे १० लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये काढलेला निष्कर्ष असा: ४० ते ६९ या वयात, ११५/७५ पासून पुढे, वरचा आकडा दर २० ने किंवा खालचा दर १० ने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो. चढण आहे, पायरी नाही.

शाळेच्या दिवसात लपलेला दाब

शिक्षक तपासणीला कधी जातात? सुट्टीत. शाळा चालू असताना रजा टाकली की बदली तास कुणाच्या तरी गळ्यात पडतो, म्हणून दात, डोळे, बीपी सगळं सुट्टीवर ढकललेलं असतं. सुट्टीत झोप पूर्ण झालेली असते, घसा शांत असतो, घंटेमागे धावायचं नसतं. आकडा येतो १२८/८२. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, आणि वर्षाचा प्रश्न मिटतो.

शाळेच्या दिवशी हाच माणूस कसा असतो? सलग तास घेताना मोठ्याने बोलतो. आणि बोलण्याने दाब वाढतो, नुसत्या साध्या गप्पांनीही वरचा आकडा १० च्या आसपास चढू शकतो. पन्नास मुलांच्या गलक्यावर आवाज चढवणं त्याच्या पुढचं. हा तात्पुरता चढ म्हणजे आजार नव्हे. जिना चढल्यावरही दाब वाढतो आणि खाली येतो, तसाच तो यायला हवा. प्रश्न असतो दिवसभराची सरासरी किती राहते याचा, आणि रात्री दाब उतरतो का याचा. निरोगी माणसात झोपेत तो दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी खाली जातो. मध्यरात्रीपर्यंत पेपर तपासायचे, पहाटे उठायचं आणि मधल्या तुटपुंज्या झोपेतही निकालाच्या याद्या डोक्यात घोळवायच्या, अशाने हा उतार बिघडायला मदत होते.

दवाखान्यात दाब बरोबर आणि रोजच्या आयुष्यात जास्त, या प्रकाराला डॉक्टर 'मास्क्ड' म्हणजे झाकलेला उच्च रक्तदाब म्हणतात. उलट प्रकार जास्त ऐकिवात आहे: डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की आकडा वर, घरी आला की खाली. तो त्या मानाने कमी धोक्याचा. झाकलेला मात्र उघड उच्च रक्तदाबाच्या जवळपास तेवढंच नुकसान करतो, आणि त्याच्यावर उपचार होत नाहीत, कारण तो कागदावर आलेलाच नसतो.

कामाचा आणि दाबाचा संबंध लावायला एक जुनी पण उपयोगी मांडणी आहे. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी सांगितलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस पिचत नाही. काम जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी वाईट. अंगावर यंत्र लावून दिवसभराचा दाब मोजणाऱ्या अभ्यासांमध्ये अशी जोडी असलेल्या नोकऱ्यांमधल्या लोकांचा दाब सरासरीने जास्त दिसला आहे. आता शिक्षकाचा दिवस या मापाला लावा. वेळापत्रक दुसऱ्याने आखलेलं, अभ्यासक्रम वरून आलेला, वर्गात किती मुलं आणि कोणती हे त्याच्या हातात नाही. लघवीला केव्हा जायचं तेसुद्धा घंटा ठरवते.

मधल्या सुट्टीतलं मोजमाप

शाळेत तपासणी शिबिर लागतं तेव्हा काय होतं ते पाहा. घंटा होते. तिसऱ्या मजल्यावरचा तास संपवून मॅडम भराभर जिने उतरून शिक्षक-खोलीत येतात. रांगेत उभ्या राहून कॉफीचे दोन घोट घेतात. दोन तास लघवी तुंबलेली आहे, पण रांग सोडली तर नंबर जाईल. नंबर लागतो. पाठ न टेकता स्टुलावर बसतात, पायावर पाय. बाही वर सरकवून दंडाशी करकचून अडकलेली. हात मांडीवर. पट्टा सगळ्यांना एकच. पट्टा फुगत असताना शेजारच्या सरांना सांगतायत की आठवीच्या वर्गात आज कोण कुणाशी भांडलं. मशीन दाखवतं १५२/९४.

या आकड्याला काय म्हणायचं? भरलेल्या मूत्राशयाने १० पर्यंत वाढ होऊ शकते, बोलण्याने तेवढीच, पायावर पाय टाकल्याने २ ते ८. हाताच्या जागेचा फरक लोकांना खोटा वाटतो, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हात टेबलावर ठेवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने, आणि बाजूला नुसता लोंबकळत ठेवला तर साडेसहाने जास्त आला. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर चूक याहून मोठी. हे सगळं बेरीज करून वजा करता येत नाही, म्हणून त्या १५२ चा खरा आकडा कुणी सांगू शकणार नाही. एका अचानक घेतलेल्या चाचणीवरून आपण मुलाचं प्रगतिपुस्तक भरत नाही, तसंच हे.

पण "शिबिरातलं मशीन काय खरं" म्हणून तो आकडा उडवून लावायचा, ही त्याहून घातक सवय. असा आकडा आला की नीट मोजायचं, एवढाच त्याचा अर्थ. नीट म्हणजे: अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प, हे शिक्षकांसाठी पुन्हा एकदा. हात उघडा, टेबलावर, हृदयाच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर, आणि पुढे ज्याचा आकडा जास्त त्यावर. घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, पट्टा आपल्या दंडाच्या घेराला बसतो का ते बघून. मनगटाच्या मशीनमध्ये हाताची उंची जरा चुकली की आकडा चुकतो.

माझं आग्रहाचं सांगणं एकच: शाळा चालू असतानाचा एक आठवडा निवडा. सकाळी निघण्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेल्या दाबासाठी रेष थोडी खाली असते, १३५/८५. सरासरी तिच्यावर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. शंका उरली तर ते २४ तासांचं यंत्र लावतील. ते दर १५ ते ३० मिनिटांनी आपोआप मोजतं, तास घेतानाही आणि झोपेतही. म्हणूनच ते सुट्टीच्या दिवशी लावून घेऊ नका.

ताणावर सगळं ढकलून चालत नाही

शिक्षक-खोलीत बीपीचं पहिलं कारण 'ताण' हेच ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, ते वर आलंच. पण ताण हे सोयीचं उत्तरही आहे, कारण तो दुसऱ्याने दिलेला असतो आणि आपण काही बदलायची गरज उरत नाही. शिवाय ताणाचा बराचसा परिणाम आडवाटेने होतो: झोप कमी, खाणं वेळीअवेळी आणि पाकिटातलं, फिरणं बंद, सिगारेट किंवा दारू चालू.

मिठाचं बघा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. "आम्ही वरून मीठ घेत नाही" याने फारसं साधत नाही, कारण पाव, सॉस, चिप्स, झटपट नूडल्स, चीज यांत ते आधीच पडलेलं असतं. पाकिटावर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. गुलाबी आणि महागड्या मिठातही सोडियम जवळपास तेवढंच असतं. सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं मीठ मात्र वेगळं. चीनच्या ग्रामीण भागात जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तात पोटॅशियम साठू शकतं.

दुसरा गैरसमज उभं राहण्याचा. दिवसभर पायांवर असतो, मग वेगळा व्यायाम कशाला? उभं राहिल्याने पाय दुखतात, हृदयाला व्यायाम मिळत नाही. त्यासाठी धाप लागेल अशी चाल हवी, आठवड्याला दीडशे मिनिटं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यावर साधारण किलोमागे एक असा वरचा आकडा उतरतो.

आणि एक गोष्ट जी यादीत सहसा नसते, पण शिक्षकांच्या पर्समध्ये असते: घशाच्या गोळ्या. ज्येष्ठमध घशाला बरं वाटतं, पण त्यातलं ग्लिसरायझिन रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि दाब चढतो. कधीमधी एखादी गोळी चघळण्याने काही होत नाही, प्रत्येक तासाला एक हा प्रकार वेगळा. नाक मोकळं करणाऱ्या काही सर्दीच्या गोळ्या आणि डोकेदुखी-कंबरदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकंही दाब वाढवतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं. डॉक्टर 'काही औषधं चालू आहेत का' विचारतात तेव्हा हे कुणी सांगत नाही, कारण त्याला औषध समजतच नाही.

जगातल्या प्राथमिक शिक्षकांमध्ये सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत, म्हणून हेही इथेच सांगायला हवं. गरोदरपणात बीपी वाढलं होतं आणि बाळंतपणानंतर ते उतरलं, तर विषय संपला असं समजतात. तो संपत नाही, पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाबाचा धोका अशा स्त्रियांना बराच जास्त असतो. पाळी गेल्यानंतरही आकडा वर सरकतो. ती जुनी फाइल डॉक्टरांना दाखवा. घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं हे मात्र स्त्री-पुरुष दोघांनीही सांगावं, दाब वाढण्यामागे ते अनेकदा असतं.

गोळी आणि वर्ग

गोळी सुरू झाली की सोडण्याची कारणंही शाळेतूनच येतात. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली की दुसऱ्या तासाला वर्ग सोडून जावं लागतं, म्हणून ती शाळेच्या दिवशी गुपचूप गाळली जाते. एका प्रकारच्या गोळ्यांनी, ज्यांची नावं बहुधा '-प्रिल' ने संपतात, काहींना कोरडा खोकला सुरू होतो. खडूची धूळ म्हणून त्याकडे महिनोन्महिने दुर्लक्ष होतं. आवाजावर ज्याचं काम चालतं त्याला हे परवडणारं नाही. अम्लोडिपिनने घोटे सुजतात आणि दिवसभर उभं राहिल्याचा त्यात हातभार लागतो. या तिन्हीवर तोड आहे: वेळ बदलता येते, मात्रा बदलता येते, गटच बदलता येतो. '-सार्टन' ने संपणाऱ्या गोळ्यांनी तो खोकला सहसा येत नाही. पण हे डॉक्टरांना सांगितलं तर. आकडा १२४ वर आला म्हणून गोळी बंद करणारेही पुष्कळ, आणि तो १२४ गोळीमुळे असतो.

शिक्षकांना हे कळण्याचा फायदा शाळेबाहेरही पोचतो, आणि त्याचा पुरावा आहे. उत्तर चीनमधल्या चांगझी शहरात २८ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. निम्म्या शाळांत पाचवीच्या मुलांना एक सत्रभर मिठाबद्दल शिकवलं आणि घरी जाऊन स्वयंपाकातलं मीठ कमी करवायला सांगितलं. दुसऱ्या शाळांशी तुलना केल्यावर त्यांच्या घरातल्या मोठ्यांचं मीठ दिवसाला सुमारे २.९ ग्रॅमने घटलेलं दिसलं, वरचा आकडा सरासरी २.३ ने खाली. फक्त मुलांच्या तोंडून.

बाकी, वहीच्या पहिल्या पानावर एक गोष्ट लिहून ठेवा. आकडा १८०/१२० च्या वर दिसला आणि त्रास काही नसेल तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पण सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल किंवा दिसेनासं झालं असेल, तर पुन्हा मोजत बसायचं नाही. तास तसाच सोडायचा, शेजारच्या वर्गातल्या सरांना हाक मारायची आणि थेट रुग्णालय गाठायचं.